गायीच्या बिल्ल्यासाठी नवी फाइल: एका दूध संस्थेतलं प्रकरण

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातली गावपातळीवरची एक दूध उत्पादक संस्था. सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. हे सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या माहिती साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेल्या प्रणालीवर बरीच वर्षं बिनबोभाट चाललं आहे. फॉक्सप्रोचं हे शेवटचं मोठं व्हर्जन २००४ मध्ये आलं आणि जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट थांबवला. तरी गावोगावच्या दूध संस्था आणि पतसंस्थांमध्ये ते अजून राबतं आहे. ते बदलायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पहाटे दूध येतंच आणि त्याची नोंद त्याच दिवशी व्हावी लागते, म्हणून चालत्या प्रणालीत भर घालण्याचं माझं काम थांबत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. दुधाची प्रत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) धरलेली होती. पैसे थेट शेतकऱ्याच्या आधार-जोडणी झालेल्या बँक खात्यात जायचे होते आणि गायीच्या कानात बिल्ला असून त्याची नोंद झालेली असणं आवश्यक होतं. बिल्ला म्हणजे कानातला तो पिवळा टॅग, ज्यावर बारा अंकी क्रमांक असतो. संस्थेच्या प्रणालीला कोणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, डिग्री (लॅक्टोमीटरचं माप) किती आली, हे सगळं ठाऊक होतं. ते दूध कोणत्या गायींचं, हे मात्र तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं. उत्पादकांची मूळ माहिती असलेल्या मास्टर फाइलीत ‘गायी’ नावाचा दोन अंकी रकाना होता आणि तो बहुतेकांच्या बाबतीत कित्येक वर्षांपूर्वीचाच होता.

संस्थेचे सचिव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांची सूचना सरळ होती.

“सर, उत्पादकाच्या फाइलीतच टॅग एक, टॅग दोन, टॅग तीन असे रकाने टाका की. दहा पुरेत. आपल्याकडं दहाच्या वर गाया कुणाच्याय?”

“अण्णा, आज नसतील. पण एखाद्यानं मोठा गोठा बांधला तर?”

“मग अजून दहा टाकू.”

ही सूचना जवळजवळ प्रत्येक संस्थेत येते आणि ती चुकीची का, हे गायीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतं. दहा रकान्यांची अडचण ही की अकरावी गाय बसत नाही, पण ती त्यातल्या त्यात छोटी अडचण. ‘हा बिल्ला कोणाकडे आहे?’ या साध्या प्रश्नासाठी दहा ठिकाणी शोधावं लागतं. मधली गाय विकली की भोक पडतं. शिवाय मास्टर फाइलीची रचना बदलायची म्हणजे ती एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे दुसरीकडे कुठं उघडी नसताना, उघडावी लागते आणि संकलनाच्या वेळी ती वजनकाट्यावरच्या संगणकावर उघडीच असते. नवी फाइल केली तर जुन्या फाइलीला हातसुद्धा लागत नाही.

म्हणून नवी फाइल करायचं ठरलं. टेबल डिझायनर (फॉक्सप्रोत फाइलीचे रकाने ठरवायचा पडदा) उघडून पहिल्या रकान्याचं नाव लिहिण्यापूर्वी मी अण्णांना एकच प्रश्न विचारला: या फाइलीतली एक ओळ म्हणजे काय?

“एक गाय,” ते म्हणाले.

हे उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. पण लोणी किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जाऊन आलेल्या माणसाला त्यातली खोच लगेच कळते. गाय विकली जाते, बिल्ला तिच्या कानातच राहतो. आज एकाच्या दावणीला असलेली गाय पुढच्या महिन्यात त्याच गावातल्या दुसऱ्याच्या दावणीला असते आणि दोघंही याच संस्थेला दूध घालतात. एक ओळ म्हणजे एक गाय धरलं, तर विक्रीच्या दिवशी त्या ओळीतला उत्पादकाचा कोड बदलावा लागेल. तो बदलला की मागच्या दहा दिवसांच्या पगारात ती गाय पहिल्या मालकाची होती हा पुरावाच पुसला जातो. अनुदानाची यादी महिन्यानं तपासायला मागितली, तर ती गाय नव्या मालकाच्या नावावर दिसेल आणि जुन्याचं दूध बिनगायीचं ठरेल.

आम्ही ठरवलं ते असं: एक ओळ म्हणजे एका गायीचा एका गोठ्यातला मुक्काम. गाय विकली की जुनी ओळ बंद होते आणि नवी उघडते. पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यातून निघाले, म्हणून त्याच्यावर घालवलेला वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

रकाने

पहिला रकाना उत्पादकाचा कोड, कॅरॅक्टर ५, म्हणजे पाच अक्षरांचा मजकूर. रुंदी आणि प्रकार मास्टर फाइलीत आहे तोच, एका अक्षराचाही फरक नाही. मास्टरमध्ये ‘००१७’ अशी शून्यं आधी असतील आणि नव्या फाइलीत तो आकडा म्हणून ‘१७’ पडला, तर दोन्ही फाइली एकमेकींना ओळखणार नाहीत. उत्पादकाचं नाव या फाइलीत घेतलं नाही. अण्णांचा आग्रह होता, कारण यादी छापताना नाव लागतं. पण नाव मास्टरमध्ये आहे आणि छापताना तिथूनच आणता येतं. एकच नाव दोन फाइलींत ठेवलं की एका ठिकाणी दुरुस्त होतं, दुसरीकडे राहतं.

दुसरा रकाना टॅग क्रमांक, आणि इथं खरी चर्चा झाली. बारा अंक आहेत, म्हणजे आकडा, असं कोणालाही वाटेल. फॉक्सप्रोतला इंटिजर चार बाइटचा असतो आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे दहा अंक. बारा अंक त्यात मावतच नाहीत. न्यूमेरिक १२, म्हणजे बारा अंकी आकड्याच्या रकान्यात, मावतील. पण टॅगची कधी बेरीज करायची आहे का? सरासरी काढायची आहे का? नाही. ज्या आकड्यावर गणित होणार नाही तो कॅरॅक्टरमध्ये ठेवायचा, हा माझा पक्का नियम आहे आणि बँक खाते क्रमांकालाही तो तसाच लागू आहे. खात्याच्या सुरुवातीची शून्यं न्यूमेरिकमध्ये उडून जातात आणि पैसे परत येतात. तेव्हा टॅग: कॅरॅक्टर १२.

जनावराचा प्रकार, कॅरॅक्टर १: गायीला १, म्हशीला २. अनुदान गायीच्या दुधालाच होतं, पण बिल्ले म्हशींनाही मारलेले असतात आणि फाइल एका योजनेपुरती बांधली की पुढच्या योजनेला पुन्हा नवी फाइल करावी लागते.

मग ‘पासून’ आणि ‘पर्यंत’, दोन्ही डेट, प्रत्येकी आठ बाइट. ‘पासून’ म्हणजे नेमकं कधीपासून? बिल्ला मारल्याची तारीख, खरेदीची तारीख की नोंद केल्याची तारीख? तिन्ही वेगळ्या असू शकतात. आम्ही ठरवलं की गाय ज्या दिवशी या गोठ्यात आली ती तारीख. नोंद कधी झाली हे वेगळ्या ‘नोंद वेळ’ या डेटटाइम (तारीख आणि वेळ) रकान्यात आणि कोणी केली हे ‘नोंदकर्ता’ या सहा अक्षरांच्या रकान्यात. गावात बरीच माहिती चार दिवसांनी येते. घटना आणि नोंद या दोन वेळा एकाच रकान्यात कोंबल्या, तर नंतर त्या वेगळ्या करता येत नाहीत.

‘पर्यंत’ रिकामी असेल तर गाय अजून तिथंच आहे. रिकामी की नल (‘किंमत माहीत नाही’ अशी खास खूण), हा प्रश्न होता. व्हिज्युअल फॉक्सप्रोत रिकामी तारीख आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटेकोर पाहिलं तर नल अधिक योग्य. पण या प्रणालीतल्या जुन्या प्रोग्रॅमांपैकी कोणालाही नल माहीत नाही आणि एखाद्या तुलनेत नल आलं की त्या तुलनेचं उत्तरच नल होतं. अहवालातून ओळ गायब होते आणि कोणाला कळतही नाही. म्हणून रिकामी तारीख, आणि तपासायला ‘एम्प्टी’ फंक्शन.

‘कारण’ एका अक्षराचं: विक्री, मृत्यू किंवा बिल्ला पडणं. बिल्ला पडतो, काट्यात अडकून तुटतो, आणि नव्या बिल्ल्याला नवा क्रमांक मिळतो. त्यासाठी ‘जुना टॅग’ हा आणखी एक कॅरॅक्टर १२. हा रकाना नसता तर तीच गाय फाइलीत नवी गाय म्हणून आली असती. दुभती की भाकड हा रकानाही सुचवला गेला. तो मी घेतला नाही. गाय आटते, व्यायते, पुन्हा आटते, आणि ही माहिती रोज कोणी भरणार नाही. न भरला जाणारा रकाना चुकीची माहिती साठवतो.

शेवटी ‘शेरा’. इथं मराठी येतं आणि मराठी आलं की फॉक्सप्रोत जपून पाऊल टाकावं लागतं. फॉक्सप्रोला युनिकोड येत नाही. या संस्थेत श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं जातं, म्हणजे फाइलीत प्रत्यक्षात एक बाइटचे संकेत साठतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. आता प्रत्येक डीबीएफ फाइलीच्या (फॉक्सप्रोच्या टेबलाच्या फाइलीच्या) हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, कोड पेजची (कोणता संकेत म्हणजे कोणतं अक्षर, या तक्त्याची) एक खूण असते. जुनी फाइल डॉसच्या काळातली, कोड पेज ४३७ ची असेल आणि विंडोजवर १२५२ मध्ये उघडली, तर फॉक्सप्रो वाचताना वरच्या निम्म्या भागातले संकेत आपणहून बदलून देतं. इंग्रजी मजकूर जसाच्या तसा राहतो, मराठीचा मात्र चुराडा होतो. यावरचा उपाय टेबल डिझायनरमध्येच आहे: साध्या कॅरॅक्टरऐवजी कॅरॅक्टर बायनरी हा प्रकार निवडायचा. मग त्या रकान्याला कोड पेजचं भाषांतर लागत नाही. ‘शेरा’ कॅरॅक्टर बायनरी, रुंदी ४०. मेमो (लांब मजकुराचा रकाना) घेता आला असता, पण मेमोचा मजकूर वेगळ्या एफपीटी फाइलीत जातो, आणि इथं बॅकअप म्हणजे पेन ड्राइव्हवर डीबीएफ फाइली ओढणं. एफपीटी मागे राहिली की टेबलच उघडत नाही.

आधार क्रमांकाचा रकाना घ्यावा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी ठाम नकार दिला. डीबीएफ ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी कॅरॅक्टर रकान्यांतला मजकूर वाचता येतो, तिला कुलूप नाही. संकलन केंद्राच्या टेबलावरच्या, सगळ्यांना हात लावता येणाऱ्या संगणकावर अख्ख्या गावाचे आधार क्रमांक उघडे ठेवणं मला मान्य नव्हतं. यादी भरताना ते कागदावरून पाहता येतात.

असे दहा रकाने. रुंद्यांची बेरीज १०१ आणि हटवल्याच्या खुणेचा एक बाइट, म्हणून एक रेकॉर्ड १०२ बाइटचं. हेडर ३२ बाइट, प्रत्येक रकान्याच्या वर्णनाला ३२, शेवटची खूण १, आणि व्हिज्युअल फॉक्सप्रो डेटाबेसच्या पत्त्यासाठी राखून ठेवतं ते २६३. मिळून पूर्ण हेडर ६१६ बाइटचं. फाइल तयार झाल्यावर हे आकडे ताडून पाहायची मला सवय आहे. त्यात रकान्याची रुंदी चुकून दुसरीच पडली असेल तर लगेच सापडते.

दोन गोष्टी जाणूनबुजून टाळल्या. एक, आपोआप वाढणारा क्रमांक. संस्थेचं एक उपकेंद्र आहे, तिथली नोंद पेन ड्राइव्हवर येते आणि मुख्य फाइलीत मिसळते. दोन्हीकडे क्रमांक १ पासून सुरू झाले असते आणि मिसळताना एकमेकांवर आदळले असते. दुसरी, डेटाबेस कंटेनर, म्हणजे टेबलं एकत्र बांधणारी फाइल. त्यात टेबल ठेवलं तर रकान्याला नियम लावता येतात, लांब नावं देता येतात, प्रायमरी इंडेक्स (दुबार नोंद अडवणारी सूची) मिळतो. पण मग कंटेनरची फाइल सोबत लागते, आणि बॅकअपची पद्धत वर सांगितलीच. फ्री टेबल, म्हणजे कंटेनरबाहेरचं सुटं टेबल ठेवलं, रकान्यांची नावं दहा अक्षरांच्या आत.

इंडेक्स

इंडेक्स म्हणजे शोधण्यासाठी आणि क्रम लावण्यासाठीची सूची. फॉक्सप्रोच्या इंडेक्सच्या टॅबवर ‘युनिक’ नावाचा एक प्रकार दिसतो. नवा माणूस तोच निवडतो, आणि यात त्याचा काही दोष नाही, कारण नावच तसं आहे. पण हा प्रकार दुबार नोंद अडवत नाही. तो एका किमतीची पहिली ओळ दाखवतो आणि बाकीच्या लपवतो. म्हणजे चुकीची ओळ फाइलीत जाते आणि यादीत दिसत नाही. दुबार खरोखर अडवायची तर फ्री टेबलमध्ये ‘कँडिडेट’ निवडावा लागतो.

पण टॅगवर साधा कँडिडेट लावला तर विकलेल्या गायीची दुसरी ओळ उघडताच येणार नाही. हवं होतं ते हे: एका टॅगच्या बंद ओळी कितीही असोत, उघडी ओळ एकच. इंडेक्सला फिल्टर लावता येतो. टॅगवर कँडिडेट आणि फिल्टर असा की ‘पर्यंत’ रिकामी आहे आणि ओळ हटवलेली नाही. दुसरी अट विसरता कामा नये. फॉक्सप्रोत हटवलेली ओळ पॅक करेपर्यंत, म्हणजे कायमची काढून टाकेपर्यंत, फाइलीत राहते आणि कँडिडेट इंडेक्स तिलाही मोजतो, त्यामुळे चुकून टाकलेली नोंद हटवून पुन्हा टाकायला गेलं की ‘दुबार’ म्हणून अडते.

फिल्टर लावलेला इंडेक्स फॉक्सप्रो शोध आपोआप जलद करायला वापरत नाही, म्हणून टॅगवर आणखी एक साधा इंडेक्स. तिसरा, उत्पादकाचा कोड आणि ‘डीटूएस’ या फंक्शननं अक्षरांत बदललेली ‘पासून’ तारीख जोडून. तारीख वर्ष-महिना-दिवस अशा आठ अक्षरांत आली की कोडला जोडूनही क्रम बरोबर लागतो.

पहिली भरती

बिल्ले मारण्याच्या शिबिरातली यादी एक्सेलमध्ये आली. ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून नव्या फाइलीत ओतायला घेतली आणि फॉक्सप्रो थांबलं: त्रुटी १८८४, इंडेक्सचा एकमेवपणा भंगला. अण्णांची पहिली शंका इंडेक्सवरच. “तो काढून टाका, भरू द्या एकदाचं.”

सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडली. टॅगच्या जागी ‘१.०३४५७ई+११’ यासारखं काहीतरी होतं, आणि तेच खाली ओळीनं. एक्सेलच्या जनरल स्वरूपात अकरा अंकांहून मोठी संख्या अशी घातांकात दिसते आणि सीएसव्ही करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं. शिबिरात एका पाकिटातले लागोपाठचे बिल्ले वापरलेले असतात, त्यांचे सुरुवातीचे अंक सारखेच, शेवटच्या अंकांत फरक. ते अंकच गळल्यामुळे गोठाभर गायींचा एकच क्रमांक झाला होता. आणि तो मजकूर अकरा अक्षरांचा, म्हणजे कॅरॅक्टर १२ मध्ये आरामात मावणारा. रुंदीनं तो अडवला नसता. ‘युनिक’नं लपवला असता. कँडिडेटनं अडवला.

मूळ एक्सेल फाइलीत अंक शाबूत होते, रकान्याचं स्वरूप बदलून सीएसव्ही पुन्हा काढली. बँक खात्यांच्या यादीत असं झालं असतं तर मूळ फाइलही कामाची राहिली नसती, कारण एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरतं आणि सोळाव्या अंकाच्या जागी शून्य टाकतं. खाते क्रमांक टाइप करण्यापूर्वीच तो रकाना टेक्स्ट करावा लागतो. या प्रसंगानंतर नोंदीच्या पडद्यावरही तपासणी घातली: बारा अक्षरं आणि बाराही अंकच, नाहीतर ओळ साठणार नाही. तारखांचा क्रमही दिवस-महिना-वर्ष असा प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ठरवून दिला, कारण फॉक्सप्रो मुळात महिना आधी धरतं आणि ४ मार्चची ३ एप्रिल होते.

यादी, आणि जे राहिलं

दहा दिवसांच्या पगाराशी जोडताना विचारणा सोपी झाली. ज्या ओळीची ‘पासून’ तारीख पगाराच्या शेवटच्या दिवशी किंवा आधी आहे, आणि ‘पर्यंत’ रिकामी आहे किंवा पगाराच्या पहिल्या दिवशी वा नंतर आहे, ती गाय त्या पगारात त्या गोठ्यात होती. महिन्यांपूर्वीच्या पगाराची यादी आज काढली तरी तीच येते, मधे कितीही गायी विकल्या गेल्या असोत. विक्रीच्या दिवसाचा घोळ नको म्हणून नियम केला की विकणाऱ्याची ‘पर्यंत’ म्हणजे गाय त्याच्याकडे असलेला शेवटचा दिवस, आणि घेणाऱ्याची ‘पासून’ त्याच्या पुढचा.

हा नियम मात्र इंडेक्स पाळून घेत नाही. उघडी ओळ एकच राहील याची हमी आहे, पण बंद ओळींच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर फॉक्सप्रो काही बोलणार नाही. त्यासाठी प्रत्येक पगाराआधी चालणारी एक छोटी तपासणी लिहिली आहे. एकाच टॅगच्या ओळी तारखेनं लावून पुढच्या ओळीची ‘पासून’ मागच्या ओळीच्या ‘पर्यंत’नंतरची आहे का, एवढंच ती पाहते आणि तसं नसेल तर दोन्ही उत्पादकांचे कोड छापते.

जुन्या टॅगची साखळी अजून पुरी सुटलेली नाही. बिल्ला एकदा बदलला तर मागचा सापडतो, दोनदा बदलला तर प्रोग्रॅमला दोन पावलं मागे जावं लागतं आणि आजची यादी एकच पाऊल जाते. प्रणाली नव्या जागी हलवण्याची वेळ येईल तेव्हा गायीला बिल्ल्याहून वेगळा, संस्थेचा स्वतःचा कायमचा क्रमांक द्यायचा आणि बिल्ल्यांची स्वतंत्र फाइल करायची, असं अण्णांशी बोलून ठरलं आहे.